मद्रासचे दोन पुष्पचितारी

कॅथीड्रल रस्ता ठाऊक नाही असे मराठी कुटुंब चेन्नईत सहसा सापडावयाचे नाही. ज्यांचे येथील वास्तव्य जुने आहे, त्यांना या रस्त्यावरचे वुडलँड्स ड्राइव्ह-इन उपाहारगृह आजही आठवत असेल. झाडांच्या सावलीत मोटार उभी करावी, खिडकीला अडकविलेल्या तबकातून डोसा खावा, वर कडक कॉफी घ्यावी आणि मुलांना झाडांखाली हुंदडू द्यावे, हा अनेकांच्या रविवारचा ठरलेला कार्यक्रम असे. ते उपाहारगृह पुढे बंद झाले आणि २०१० साली त्या जागेवर ‘सेम्मोळी पूंगा’ हे उद्यान उभे राहिले. उपाहारगृहाच्याही पूर्वी ही भूमी वृक्षवेलींचीच होती. १८३५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेचा हा परिसर. जवळच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांचा संगमरवरी पुतळा आहे. कोचिनील किडे पोसण्यासाठी सैदापेठेत निवडुंगाची बाग लावणारे हे वैद्य. या शहराचा आणि वनस्पतिशास्त्राचा संबंध असा जुना आहे.

त्या संबंधाचा इतिहास लिहिताना गोऱ्या वैद्यांची व अंमलदारांची नावे ओळीने येतात. केनिग, अँडरसन, रॉक्सबर्ग, वाइट, क्लेगहॉर्न, बेडोम. ती यावीतही, कारण त्यांचे कष्ट व विद्वत्ता खरी होती. तथापि ज्या ग्रंथांमुळे ही नावे जगभर गेली, त्या ग्रंथांचे पान उलटताच आधी दिसते ते चित्र. ते चित्र काढणारा हात या मंडळींपैकी बहुतेकांचा नव्हता, तो येथल्या चिताऱ्यांचा होता. त्यांतील दोघांची नावे सुदैवाने आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. एक रंगय्या आणि दुसरा गोविंदू. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने, ज्या शहराने आपणांस आसरा दिला त्या शहराच्या या दोन कलावंतांच्या कामाची ओळख करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. या कथेचा एक धागा आपल्या तंजावरकडे आणि दुसरा थेट पुण्याजवळच्या दापोडीकडे जातो, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईलच.

तैलरंगातील फुले आणि जलरंगातील फुले

फुलांची चित्रे म्हटली की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती तैलरंगातील स्थिरचित्रे. काळोख्या पार्श्वभूमीवर एक काचेचे पात्र, त्यात खच्चून भरलेली फुले, एखाद्या पाकळीवर दवाचा थेंब, पानावर बसलेला किडा. ही परंपरा सतराव्या शतकात हॉलंड व फ्लँडर्स येथे बहरास आली. ॲम्स्टरडॅमची राखेल रॉइश (१६६४–१७५०) ही त्या परंपरेतील थोर चित्रकर्ती. तिचे वडील शरीरशास्त्रज्ञ असून वनस्पतिशास्त्राचेही अध्यापक होते. तिने साठांहून अधिक वर्षे फुले रंगविली. तैलरंगाचा एक गुण असा की तो सावकाश वाळतो. एका थरावर दुसरा थर चढविता येतो, काल केलेले आज पुसता येते, महिन्यानंतर पुन्हा हात फिरविता येतो. त्यामुळे वसंतातले फूल आणि उन्हाळ्यातले फूल एकाच पात्रात शेजारी बसविणे चित्रकारास शक्य होई. असा गुच्छ निसर्गात कधी असतच नाही. तो चित्रकाराच्या मनातला गुच्छ असतो.

हिंदुस्थानात तैलरंगास प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या राजा रविवर्म्यांच्या कीर्तीचा आरंभही याच शहरात झाला. १८७३ सालच्या मद्रासच्या कलाप्रदर्शनात केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्रास गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. परंतु त्याच्या जवळजवळ अर्धे शतक आधीपासून या इलाख्यात फुलांचे चित्रण नित्यनेमाने चालू होते. ते मात्र तैलरंगात नव्हते, दिवाणखान्यासाठीही नव्हते.

रंगय्या व गोविंदू यांच्या कामाचा प्रकार निराळा. त्यांच्यापुढे फुलांचा गुच्छ नसे, एकच वनस्पती असे. पात्र नाही, पडदा नाही, छायाप्रकाशाचे नाट्य नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक फांदी किंवा मुळासकट उपटून आणलेले रोप. रंग पाण्यातले, त्यांत पांढरा मिसळून जाड व अपारदर्शक केलेले. घाई मात्र विलक्षण. रानातून सकाळी आणलेली फांदी मद्रासच्या उकाड्यात दुपारपर्यंत माना टाकते. पाकळीचा रंग तासा-दोन तासांत पालटतो. तैलरंगाचा चित्रकार वाट पाहू शकतो, यांना वाट पाहण्याची सोय नव्हती. शिवाय चित्र सुंदर दिसणे हा येथे गौण भाग. ते खरे असणे हा मुख्य भाग. पुंकेसर पाच असतील तर पाचच दिसले पाहिजेत. पान देठापाशी किंचित तिरके असेल तर ते तिरकेच आले पाहिजे, कारण त्या तिरकेपणावरूनच एक जाती दुसरीपासून वेगळी ओळखली जाणार असते.

तंजावरचा वारसा

हे कसब आले कोठून? याचे उत्तर शोधताना तंजावरकडे वळावे लागते. व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. या सुमारे १८० वर्षांत त्या दरबारी मराठी, तेलुगू, तमिळ व संस्कृत या चारही भाषा नांदल्या आणि कलावंतांना आश्रय मिळाला. तंजावरची म्हणून जी चित्रशैली आज घरोघर दिसते, तिची वाढ मराठेशाहीतच झाली. लाकडी फळीवर कापड चिकटवावे, त्यावर खडूचा लेप द्यावा, दागिन्यांच्या जागी उठाव करून सोन्याचा वर्ख लावावा, काचमणी बसवावेत, अशी तिची रीत. तमिळमध्ये या चित्राला ‘पलगै पडम’ म्हणजे फळीचित्र असे नाव आहे. ती काढणाऱ्यांत ‘राजू’ म्हणून ओळखली जाणारी तेलुगू कुळे होती. मद्रासकडील जुन्या इंग्रजी कागदांत चिताऱ्यांना ‘मूची’ असेही म्हटलेले आढळते. आपल्याकडे जिनगर ज्याप्रमाणे खोगिरेही करीत आणि चित्रेही काढीत, तसाच चर्मकला आणि चित्रकला यांचा हा जुना शेजार दिसतो.

या परंपरेला विज्ञानाची जोड मिळाली ती सरफोजी राजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळात. सरफोजींचे शिक्षण मिशनरी श्वार्त्झ यांच्या देखरेखीखाली झाले. गादीच्या वादामुळे त्यांना काही वर्षे मद्रासेत राहावे लागले आणि तेथे त्यांचे अध्ययन पुढे चालले. म्हणजे आपल्या या शहरात शिकावयास आलेले हे एक मराठी राजपुत्रच म्हणावयाचे! १७९८ मध्ये ते गादीवर बसले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि त्यांच्या हाती किल्ला, मान व तनखा एवढेच उरले. सत्ता गेली तरी जिज्ञासा गेली नाही. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास चालविला आणि आपल्या चिताऱ्यांकडून पशुपक्षी व वनस्पती यांची चित्रे काढून घेतली. त्यांच्या पदरच्या चिताऱ्यांनी काढलेली सृष्टिचित्रे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांच्याकडे गेली व आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. देवाच्या मूर्तीला सोन्याचा वर्ख लावणाऱ्या हातांनी पिसाचा आणि पानाच्या शिरेचा अभ्यास सुरू केला, तो मराठी राजाच्या आश्रयाखाली, ही गोष्ट आपण विसरू नये.

रंगय्या व गोविंदू ही नावे तेलुगू वळणाची आहेत. अभ्यासकांनी त्यांचा संबंध तंजावरच्या याच तेलुगू चितारी परंपरेशी जोडला आहे.

डॉक्टर वाइट आणि रंगय्या

रॉबर्ट वाइट यांचा जन्म १७९६ साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरोस वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८१९ मध्ये कंपनीचे साहाय्यक शल्यवैद्य म्हणून मद्रास इलाख्यात आले. १८२६ मध्ये मद्रास सरकारने त्यांना ‘निसर्गशास्त्रज्ञ’ या पदावर नेमले. मोठ्या उमेदीने त्यांनी संग्रहासाठी दौरे काढले. पण दोनच वर्षांत गव्हर्नर लशिंग्टन यांच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली ते पदच रद्द केले. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविले आहे, त्यांना काटकसरीची कुऱ्हाड आधी कोणत्या खात्यावर पडते हे वेगळे सांगावयास नको. वाइट यांची रवानगी नागपट्टणच्या लष्करी इस्पितळावर झाली.

या बदलीतून एक इष्टापत्ती घडली. नागपट्टण हे तंजावर मुलुखाचे बंदर. सरफोजी राजे तेव्हा हयात होते. सरकारी पद गेले तरी वाइट यांनी अभ्यास सोडला नाही, आणि रंगय्याचे कामही थांबले नाही. रंगय्या त्यांच्याकडे १८२० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून काम करू लागला होता. वाइट यांनी त्याची चित्रे व वाळविलेले नमुने ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम जॅक्सन हूकर यांच्याकडे पाठविण्यास आरंभ केला. हूकर हे त्या काळचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे लंडनजवळील क्यू उद्यानाचे संचालक झाले. त्यांनी आपल्या नियतकालिकात या चित्रांना स्थान दिले. अशा रीतीने दक्षिणेतील एका चिताऱ्याची रेषा तो स्वतः कधीही न पाहणाऱ्या देशात छापून निघाली.

१८३१ मध्ये वाइट रजेवर मायदेशी गेले, ते सुमारे एक लाख वाळवलेले नमुने घेऊन. त्या बोज्याचे वजन दोन टन होते. वॉकर-आर्नट या मित्राच्या साह्याने त्यांनी १८३४ मध्ये दक्षिण हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपल्या महत्त्वाच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. परंतु परत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, केवळ शब्दांतील वर्णनाने जिल्ह्यातील वैद्याला वा जंगलातील अंमलदाराला झाड ओळखता येत नाही. त्यासाठी चित्र पाहिजे, आणि ते स्वस्त पाहिजे. बेल्लारी व पाळयंकोट्टै येथे पलटणीबरोबर काही काळ घालवून ते १८३६ मध्ये महसूल खात्याकडे आले, आणि कापूस व इतर उपयुक्त पिकांची पाहणी त्यांच्याकडे सोपविली गेली. याच काळात त्यांनी चित्रग्रंथांचा तो प्रचंड उद्योग हाती घेतला.

त्या उद्योगाचे मान पाहिले की मन थक्क होते. ‘आयकोनीस प्लांटारम इंडिया ओरिएंटालिस’ या ग्रंथाचे सहा खंड १८३८ ते १८५३ या पंधरा वर्षांत निघाले. त्यांतील चित्रांची संख्या २,१०१. ही साधी रेखाचित्रे होती. याखेरीज ‘इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन बॉटनी’ या दोन खंडी ग्रंथात १८० च्या वर रंगीत चित्रे, आणि निलगिरीच्या वनस्पतींवरील ‘स्पिसिलेजियम नीलघेरेन्स’ या ग्रंथात आणखी सुमारे २०० रंगीत चित्रे. साध्या हिशेबाने, केवळ पहिल्या ग्रंथापुरते पाहिले तरी पंधरा वर्षे दर अडीच दिवसांस एक चित्र छापून निघत होते. सर्व चित्रे एकाच हाताची नाहीत. काही रॉक्सबर्ग यांच्या संग्रहातील अप्रकाशित चित्रांवरून घेतलेली आहेत. परंतु मुख्य भार १८४५ पर्यंत रंगय्याने आणि त्यानंतर गोविंदूने वाहिला.

कामाची रीत

हे काम कसे चाले ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथम रोप किंवा फांदी कागदावर नैसर्गिक आकारात मांडून घ्यावयाची. पानाची वरची बाजू दिसावी तशीच एखादे पान उलटे पडलेले दाखवून खालची बाजूही दिसावी, कळी, उमललेले फूल आणि फळ ही तिन्ही शक्य तर एकाच चित्रात यावीत, अशी मांडणी चितारी करी. पेन्सिलीची बारीक रेषा आधी, रंग मागाहून. हिरवा रंग पानागणिक निराळा मिसळावा लागे. कोवळ्या पानाचा पिवळसर, जुन्या पानाचा काळपट.

यानंतर खरे परीक्षेचे काम येई. फूल उभे चिरून, त्याचे भाग सुटे करून, भिंगाखाली मोठे करून पाहावयाचे. बाहेरची हिरवी दले, पाकळ्या, पुंकेसर, बीजांडकोशाचा आडवा छेद, बीजाची ठेवण, हे सर्व चित्राच्या पायथ्याशी ओळीने काढावयाचे. वनस्पतिशास्त्रज्ञाचे पहिले लक्ष या खालच्या ओळीकडे जाते. वरचे सुंदर फूल सामान्य वाचकासाठी, खालची ओळ शास्त्रासाठी. तंजावरच्या फळीवर देवाच्या कानातील कुंडलाचा मणी न् मणी मोजून बसविणारी जी शिस्त होती, तीच येथे कामास आली. मात्र देवाच्या चित्रात परंपरेने ठरविलेले प्रमाण पाळावयाचे असते. येथे दर दिवशी नवे प्रमाण, आणि ते ठरविणार ते समोरचे फूल. जुन्या शिस्तीतला माणूस असे नवे डोळे कमावतो तेव्हा त्याच्या मनाला किती मोठी उडी घ्यावी लागत असेल, याचा विचार करावा.

मग छपाई. वाइट यांनी ती विलायतेस न पाठविता मद्रासेतच शिळाछापावर करविली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवावयाचे. दगडावर आम्लाची प्रक्रिया करून तो ओला ठेवावयाचा. कोऱ्या भागावर पाणी धरते आणि तेथे छापशाई बसत नाही, तेलकट रेषेवर तेवढी बसते. मग दाब देऊन कागदावर ठसा घ्यावयाचा. या हवेत दगड, शाई व कागद तिन्ही लहरी. आरंभीच्या भागांतील छपाई थोडी खडबडीत दिसते, पुढे ती सुधारत गेली. रंगीत ग्रंथांतील प्रत्येक ठशावर हाताने रंग भरावा लागे. म्हणजे एकाच चित्राच्या जितक्या प्रती, तितक्या वेळा तीच पाकळी कुणीतरी पुन्हा रंगवावयाची. या रंग भरणाऱ्या कारागिरांची नावे कोठेच आलेली नाहीत.

परंतु चित्र काढणाऱ्याचे नाव आले. अनेक ठशांच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रंगय्या डेल.’ किंवा ‘गोविंदू डेल.’ असे छापलेले असते. ‘डेल.’ हे लॅटिन ‘डेलिनेआविट’ या क्रियापदाचे संक्षिप्त रूप, अर्थ ‘याने रेखाटले’. आम्हा सरकारी नोकरांना टिपणीच्या कोपऱ्यातील आद्याक्षरांचे मोल ठाऊक असते. निर्णय वरिष्ठांच्या नावाने जातो, ते योग्यच आहे. पण टिपणी कोणी मांडली हे त्या दोन अक्षरांवरून पन्नास वर्षांनंतरही कळते, आणि ती अक्षरे नसतील तर कधीच कळत नाही. रंगय्या आणि गोविंदू आपल्याला कळतात ते या एका शब्दामुळे.

गोविंदू

१८४२ पासून वाइट यांचा मुक्काम कोइमतूरला होता. अमेरिकन कापसाची लागवड येथे यशस्वी होते काय, हे पाहण्याचा सरकारी प्रयोग त्यांच्याकडे होता. त्या कापसाने फारसे यश दिले नाही. पण कोइमतूरहून निलगिरी जवळ. पावसाळ्यात तेथील ओढ्याकाठी फुलणारे तेरड्याचे नाना प्रकार, झाडांच्या खोडांवर वाढणारी ऑर्किडे, थंड पठारावरची झुडपे, हा सारा खजिना वाइट यांच्या उत्तरकाळातील ग्रंथांत उतरला. त्या काळातला हात गोविंदूचा. ऑर्किडाचे फूल काढणे हे चिताऱ्याच्या कसोटीचे काम. त्याच्या पाकळ्यांची घडण गुंतागुंतीची असून एक पाकळी ओठासारखी पुढे आलेली असते, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर यांचा मिळून एकच स्तंभ झालेला असतो. अशा शेकडो फुलांच्या अंतरंगात गोविंदूने भिंगातून डोकावून पाहिले.

‘आयकोनीस’चा सहावा व शेवटचा खंड १८५३ मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी वाइट निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्या शेवटच्या खंडात त्यांनी एका ऑर्किडाला नवी प्रजाती मानून तिला नाव दिले ‘गोविंदूइया’. वनस्पतिशास्त्रात प्रजातीला माणसाचे नाव देणे हा मोठा गौरव मानला जातो. तो राजेरजवाड्यांना, गव्हर्नरांना, विद्वानांना मिळे. येथे तो पगारी चिताऱ्याला मिळाला. पुढील संशोधकांनी ही वनस्पती आधीच वर्णिलेल्या ‘ट्रोपिडिया’ या प्रजातीतील ठरविली आणि ‘गोविंदूइया’ हे नाव पर्यायनामांच्या यादीत गेले. शास्त्राचा तो नियमच आहे, जे नाव आधी दिले गेले ते टिकते. तथापि पर्यायनाम खोडले जात नाही, ते नोंदीत कायम राहते. पद गेले, पण सेवापुस्तिकेतील नोंद राहिली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

वाइट गेल्यावर गोविंदूचे काम संपले नाही. ह्यू क्लेगहॉर्न यांचा जन्म १८२० साली मद्रासेतच झालेला. ते पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले आणि १८५६ मध्ये इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेतील वनस्पतींची यादी १८५३ मध्ये छापली ती यांनीच. त्यांच्यासाठी गोविंदूने चित्रे काढली. त्यानंतर वनाधिकारी बेडोम यांच्या दक्षिणेतील नेचे व वनवृक्ष यांवरील ग्रंथांसाठीही त्याचा हात चालला. एका साहेबाच्या पदरी आरंभ झालेले हे काम साहेब बदलले तरी चालू राहिले. साहेब आपल्या नेमणुकीपुरते येत आणि जात. रानातल्या फुलाकडे पाहण्याची सवय मात्र या चितारी हातांतच वस्तीला राहिली होती.

दरम्यान १८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी मद्रासेत कलाशाळा काढली. आज पूनमल्ली हायरोडवर शासकीय ललितकला महाविद्यालय म्हणून ती उभी आहे. क्लेगहॉर्न यांनी तेथील विद्यार्थ्यांकडूनही वनस्पतिचित्रे करवून घेतली. घराण्यातून घराण्यात जाणारी विद्या अशा प्रकारे शाळेच्या वर्गात येऊन बसली.

दापोडीचा अनामिक

आता आपल्या मुलुखाकडे वळू. पुण्याजवळची दापोडी आज एस. टी.च्या कार्यशाळेमुळे सर्वांस माहीत आहे. पेशवाईच्या अखेरीस तेथे कॅप्टन फोर्ड यांच्या पलटणीचा तळ होता. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी फोर्ड यांचा तेथील बंगला सरकारसाठी घेतला आणि तेथे सरकारी वनस्पति-उद्यान सुरू केले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून या उद्यानाचे अधीक्षक होते. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी तेथील व आसपासच्या वनस्पतींची १७२ रंगीत चित्रे काढवून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये असून ‘दापुरी चित्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांची नजाकत पाहणारास मोहविते. परंतु चित्रकार कोण? तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच सांगता येते. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

हाच प्रकार अन्यत्र. रॉक्सबर्ग यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा ग्रंथ १७९५ ते १८२० या काळात लंडनमध्ये तीन खंडांत निघाला. त्यात ३०० चित्रे आहेत, मूळ चितारी निनावी. क्लेगहॉर्न हे शिमोग्यास असताना एका स्थानिक चिताऱ्याकडून रोज एका रोपाचे चित्र काढवून घेत. तोही निनावी. त्या काळी कोणास यात काही वावगे वाटले नसावे. वेतन दिले, काम घेतले, हिशेब मिटला. म्हणूनच वाइट यांचे वेगळेपण नजरेत भरते. रंगय्या आणि दापोडीचा तो चित्रकार यांच्यात कौशल्याचा फरक काढणे कठीण आहे. फरक एवढाच की, एकाच्या मालकाने चित्राच्या कोपऱ्यात नाव छापू दिले आणि दुसऱ्याचे लिहावयाचे राहून गेले. तेवढ्या फरकाने एकाला इतिहास मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

रंगय्या व गोविंदू यांची सुमारे ७०० मूळ चित्रेही एडिंबरोलाच आहेत. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी २००७ मध्ये त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ काढला आणि मुखपृष्ठावर या दोन्ही चिताऱ्यांची नावे घातली. दापोडीच्या चित्रांवरील त्यांचा ग्रंथ २००२ मध्ये निघाला होता. तेथे मुखपृष्ठावर गिब्सन यांचे नाव आहे, चित्रकाराचे असणे शक्यच नव्हते. २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीच्या काळातील हिंदी चित्रकारांचे प्रदर्शन भरले. त्याचे नावच ‘विस्मृतीत गेलेले उस्ताद’ अशा अर्थाचे होते. त्यातही रंगय्या आणि गोविंदू यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने स्थान मिळाले. कोपऱ्यातले मुंगीएवढे अक्षर दालनाच्या भिंतीवर येण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. पण मुळात ते अक्षर होते म्हणून ते येऊ शकले.

समारोप

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत अध्यक्षांची, कार्यवाहांची आणि देणगीदारांची नावे येतात, आणि ती यावयासच हवीत. त्यांच्यावाचून मंडळे उभी राहत नाहीत. परंतु पन्नास वर्षांच्या गणेशोत्सवांत रात्र रात्र जागून मखर उभारणारे, नाटकाचा पडदा रंगविणारे, दिवाळीच्या पहाटे मंडळाच्या दारात संस्कारभारतीची वा ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या भगिनी, मुलांच्या कार्यक्रमासाठी कागदाची फुले कातरून देणाऱ्या आजी, यांची नावे कोणाच्या वहीत आहेत? फोटो आहेत. फोटोत मखर दिसते, गणपती दिसतो, शेजारी पाहुणे दिसतात. मखर करणारा बहुधा तेव्हा मागे दोऱ्या आवरीत असतो.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. गावाकडे माणसाची ओळख चार घरे सांगतात. येथे बदली झाली, घर पालटले, मुले परगावी गेली की ओळख सांगणारे कोणी उरत नाही. उरते ते लिहिलेले. मंडळाच्या दप्तरात जुने अल्बम असतील तर ज्यांना आठवते अशी ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत तोवर प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. त्याला खर्च नाही आणि ठरावाचीही आवश्यकता नाही.

सेम्मोळी पूंगेत कधी मुलांना घेऊन गेलात तर एखाद्या फुलापाशी थोडे थांबावे. त्याची पाने उलटून पाहावीत, पुंकेसर मोजावेत. दुपारपर्यंत ते फूल माना टाकील. त्याच्या आत त्याची प्रत्येक रेषा खरी उतरवून घेणारी दोन माणसे या शहराशी जोडलेली होती, आणि त्यांची नावे रंगय्या व गोविंदू अशी होती, एवढे मुलांना सांगावे.